हात द्या

कामोठ्यातल्या जुन्या गाड्यांच्या आवारात मी सकाळपासून येरझारा घालत होतो. दोन गाड्या मनात भरल्या होत्या, एक लाल आणि एक पांढरी; दोन्ही छोट्या, पेट्रोलवरच्या, आमच्या ऐपतीतल्या. माझं काही ठरेना. चुकलो तर मुलगा पुन्हा हसेल.

शेवटी गुडघेदुखीने बेजार असलेल्या बायकोला, सिप्पोराला, दोन्हींत बसवून पाहिलं. लाल गाडीची सीट खोल होती, तिला हात धरून उठवावं लागलं. चारचौघांत तिचा हात धरायची पहिलीच वेळ. माझे कान तापले. पांढरीतून ती आपली आपण उतरली.

"फैसला झाला, अंकल!" गाड्या विकणारा शाहीद हसला.

"पांढरीच बरी," मी पुटपुटलो.

सिप्पोरा पुन्हा लाल गाडीत जाऊन बसली.

"शाहीद, हिचेच कागद काढ. अहो, बघताय काय? हात द्या."