काळा ड्रेस, लाल काठ

ट्रायल रूममधून मैथिली बाहेर आली आणि सुलेखानं तो ड्रेस लगेच ओळखला.

शिकागोतल्या या जुन्या कपड्यांच्या दुकानात सगळेच कपडे वीस वर्षांपूर्वीचे, साठच्या दशकातले. शाळेच्या ‘सिक्स्टीज’ पार्टीसाठी लेकीनं नेमका हाच ड्रेस शोधला होता: गुडघ्याच्या वीतभर वर, काळाभोर, खाली लाल काठाची पट्टी.

“इट्स सो मॉड, मॉम!”

पुण्याहून आलेल्या सासूबाई उठल्या. वाकून त्यांनी तो काठ चिमटीत धरला आणि एका रफूवर अंगठा ठेवला.

“हे रफू माझ्या हातचं आहे. सुलेखा, मी दिलेली इरकल मशीनमध्ये फाटली म्हणून कळवलं होतंस ना?”

सुलेखाला खोटं सुचेना. “मीच कापली, माई. ऑफिसात सगळ्याजणी असेच ड्रेस घालायच्या. एकदाच घातला, मग तुमच्या भीतीनं देऊन टाकला.”

“आणि पदर?”

“तोही कापला.”

“त्याचं काय केलंस?”

मैथिली एकदा आईकडे, एकदा आजीकडे बघत होती.

“ही झाली तेव्हा इथं आपलं कुणीच नव्हतं,” सुलेखा म्हणाली. “पहिलं दुपटं आजीच्या साडीचं हवं, म्हणून त्या पदराचं शिवलं. हिला त्यातच गुंडाळून घरी आणली.”

सासूबाईंनी काठ सोडला नाही.

“साडी फाटल्याचं पत्र लगेच धाडलंस,” त्या म्हणाल्या. “हे मात्र सतरा वर्षं मला कळू दिलं नाहीस.”