उघडा ओव्हन

‘वळचणीला माझ्या आली परक्याची लेक, चूल गं माझी देई तिला मायेचा शेक...’ जात्यावरची आईची ही ओवी चारुदत्तला इतक्या वर्षांनी ऐकू आली ती शिकागोजवळ, १९८४च्या जानेवारीत, त्यानं भाड्यानं दिलेल्या फ्लॅटमध्ये. सरकारी मदतीवर राहणाऱ्या मिसेस टिल्मनचं घर तपासायला हाउसिंग ऑफिसचा इन्स्पेक्टर आला होता, आणि स्वयंपाकघरात पेटत्या ओव्हनचं दार सताड उघडं होतं.

“घर एवढं गरम आहे, मग हे कशाला? आग लागली म्हणजे? मला हे लिहावं लागेल, बाई. तुमची मदत बंद झाली तर हे घरही जाईल.”

“म्हातारीची हाडं, बाळा,” ती हसून म्हणाली. “त्यांना उन्हाळासुद्धा पुरत नाही.”

तिनं चारुदत्तकडे एकदाही पाहिलं नाही. तो आपल्या बुटांवरच्या बर्फाकडे बघत होता.

इन्स्पेक्टरनं पेन काढलं.

“त्यांचं नाव लिहू नका,” चारुदत्त म्हणाला आणि खिशातली बेसमेंटची किल्ली त्यानं टेबलावर ठेवली. “हीटिंगचं बटण खाली माझ्या कुलपात असतं. आज सकाळीच चालू केलं मी. तुम्ही येणार म्हणून.”