नारूकाकांचा ठोका

शहराच्या यंत्रणेने तांबट आळी मोडून वॉर्डागणिक एकच तांबट बसवला. सोबत असली की हात भरभर चालतो, हे तिने हेरलं होतं. म्हणून शालनच्या एकट्या दुकानात आळीतल्या बाकीच्या तांबटांचे ठोके यंत्रणेने बसवलेल्या आवाजाच्या डबीतून वाजत.

धाकटा चुलतभाऊ वसंत दारात आला. "ताई, नारूकाका गेले गं. परवाच."

"बरळू नकोस! हा काय त्यांचा हातोडा वाजतोय!"

"अगं, ते जुनंच भरून ठेवलेलं वाजवतात."

आळीत कुणी गेलं की सगळे हातोडे खाली ठेवायचे, ही रीत. आणि ती दोन दिवस काकांच्याच ठोक्यावर हंडा घडवत बसली होती!

"मेल्यांनो, मढ्यालाही कामाला जुंपलंत!" म्हणत तिने डबीवर हातोडा घातला. डबीचा चुरा झाला, तेव्हाच तिने तो खाली ठेवला.