दुसरा रकाना

"आई, सोन्याच्या बांगड्या काढ."

"निघत नाहीत गं आता, हात सुजतात. आणि पंचवीस वर्षं पहाडगंजात पायी हिंडतेय मी. चोरीला गेलं काय, तर एक छत्री. तीही स्टाफरूममधून."

विजयालक्ष्मी टिळेकर पहाडगंजच्या मराठी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. दहावीच्या मुलांसाठी दर गुरुवारी अजूनही गुडगावहून जात, मेट्रोने आणि मग चालत. पण दोन महिन्यांपूर्वी सोसायटीतल्या एका बाईंची साखळी करोल बागेत मोटारसायकलवरच्या दोघांनी ओढली. मग सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज तसले व्हिडिओ येऊ लागले. तेव्हापासून त्यांची लेक केतकी मानेसरला कंपनीच्या बसने जाई आणि दर गुरुवारी आपली गाडी, ड्रायव्हर नरसिंहसकट, आईला देई.

गाडीपाशी येईपर्यंत आई वर्तमानपत्रांची कात्रणं पिशवीत कोंबत होती.

"संभाव्यता शिकवतेय. पोरांनी दोन महिन्यांचे दिल्लीचे पेपर धुंडाळलेत. चोरा-गुंडांनी रस्त्यात कोणाला जिवे मारलं, ते पहिल्या रकान्यात. गाडीत बसून अपघातात कोण गेलं, ते दुसऱ्यात. एकदा बघायला ये. तुझा रकाना फार मागे पडलाय."

"माझा कुठला?"

"पहिला. तुझ्या ग्रुपवाल्यांचा."

"अच्छा! आणि टीव्हीवर रोज दाखवतात ते काय खोटं?"

"खोटं नाही. एकच घटना चार दिवस दाखवतात. पोरांना सांगून ठेवलंय, बातमी केवढीही मोठी असो, रेघ एकच. आणि चार ओळींची असली तरी सोडायची नाही."

आई मागच्या सीटवर बसली. पट्टा ओढून घेतला आणि सीटच्या फटीत हात घालून चाचपू लागली.

"हे अडकवायचं कशात? इथलं बकल कुठे गेलं?"

"कव्हरखाली असेल. मागे कोण लावतं, आई? चलो, माझी बस जाईल." केतकीने वाकून काच पूर्ण वर आहे ना ते पाहिलं. बोटाने दाबूनही पाहिलं. "नरसिंह भैया, लॉक लगाके रखना. सिग्नल पे शीशा बिल्कुल नीचे नहीं."

आईने पट्टा सोडून दिला. तो सरकत जागेवर गेला. काचेआडून ती काहीतरी म्हणाली, हसत. केतकीला ऐकू आलं नाही.

महिपालपूरच्या पुढे समोरच्या ट्रकने अचानक ब्रेक मारला आणि गाडी त्यावर आदळली. नरसिंहच्या छातीवर पट्ट्याचा वळ उठला, तेवढाच. गाडी दहा दिवसांत दुरुस्त होऊन आली. हॉस्पिटलमधून आईचं सामान मिळालं: पिशवी, फोन, साखळी, कापून काढलेल्या दोन्ही बांगड्या. काहीही चोरीला गेलं नव्हतं.

शाळेने शोकसभा दहावीच्याच वर्गात ठेवली. केतकी मेट्रोने आली. स्टेशनपासून शाळेपर्यंत चालायला नऊ मिनिटं लागली. हॉटेलांच्या पाट्या, हातगाड्या, सामान वाहणारी माणसं. तिच्याकडे कोणी वळूनही पाहिलं नाही.

मुख्याध्यापिका चंद्रप्रभाबाई बोलत होत्या. "टिळेकर बाईंबद्दल काय सांगू? पण या लेकीबद्दल सांगायलाच हवं. आजकाल कोण कोणाला विचारतं? ही स्वतः कंपनीच्या बसने धक्के खात जायची, पण आईला गाडीशिवाय पाठवलं नाही. आईला रस्त्यावर एक पाऊल टाकावं लागू नये, एवढी काळजी."

पहिल्या बाकावरच्या दोन शिक्षिकांनी डोळे पुसले. केतकीने मान हलवली. तेरा दिवस ती अशीच मान हलवत होती. सांत्वनाला आलेल्या एका शेजाऱ्याला तर तिने म्हटलंही होतं, "हो ना, दिल्लीत रिस्क कशाला घ्यायची."

मान खाली घालावी म्हणून तिने नजर हलवली, तर ती समोरच्या भिंतीवर गेली. तिथे आईचा तक्ता होता. पहिल्या रकान्यात उभ्या चार रेघा, त्यांच्यावर एक आडवी, आणि शेजारी दोन सुट्या. दुसरा रकाना भरून रेघा खालच्या कोऱ्या जागेत उतरल्या होत्या. शेवटची तारीख बुधवारची होती.

"ताई." मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. "बाईंची बातमी आली होती. पाचव्या पानावर, चार ओळी. तिची रेघ आम्ही मारली नाही. पण बाई म्हणायच्या, एकही सोडायची नाही."

"अक्षता, खाली बस," चंद्रप्रभाबाई म्हणाल्या. "हे काय बोलणं झालं?"

"बरोबर बोलतेय ती," केतकी म्हणाली.

ती उठली. तक्त्याला दोऱ्याने बांधलेलं स्केचपेन तिने हातात घेतलं. दुसऱ्या रकान्याच्या तळाशी चार उभ्या रेघा थांबल्या होत्या. तिने पाचवी आडवी मारली. रेघ रकान्याबाहेर गेली.

आता बसायला हवं होतं. ती भिंतीकडे तोंड करूनच उभी राहिली.

"दिवाळीत मी करोल बागेत नवी सीट कव्हरं बसवून घेतली," ती म्हणाली. "दुकानदाराने विचारलं, मागच्या पट्ट्यांसाठी चीर ठेवू का. मी म्हटलं नको, कव्हर वाईट दिसेल. बकलं आत दाबून टाका."

वर्गात कोणीतरी बाक सरकवलं. ती वळली. चंद्रप्रभाबाई तिच्याकडे बघत होत्या. सगळेच बघत होते.

"त्या दिवशी आईने बकल मागितलं होतं. मी काच वर आहे ना, ते बघत होते."