माईची जागा

"म्हणजे तू येत नाहीस," सुखदा फोनवर म्हणाली. "तुझी खोली रंगवून तयार आहे, आई. नोएडात आता कोण आहे तुझं?"

"मालिका आहे." नीलाताईंची टॅक्सी स्टुडिओच्या फाटकात वळत होती. "दुसरा भाग काढतायत. आज लुक टेस्ट. रोज शूटिंग असलं की पुण्याला कशी येऊ?"

"आणि नाही जमलं तर?"

"माईशिवाय ते घर उभं राहील का गं?"

दिल्लीतल्या एका मराठी सरकारी कुटुंबाची ती हिंदी मालिका. नीलाताई त्यातल्या आई, म्हणजे माई. यजमान गेले त्याच वर्षी हे काम मिळालं, म्हणून घर रिकामं झाल्याचं त्यांना उशिरा कळलं. मालिका बंद पडल्यावर. त्यानंतर दिवसभरात बोलणं व्हायचं ते कामवालीशी आणि सोसायटीच्या गार्डशी, तेही हिंदीत. फ्लॅटचा करार महिनाअखेर संपत होता आणि घरमालकाला आज उत्तर हवं होतं.

सेटवर तोच हॉल पुन्हा उभा केला होता. तोच कुरकुरणारा झोपाळा, तोच देव्हारा. नीलाताईंनी बेसनाच्या लाडवांचा डबा टेबलावर ठेवला. पूर्वीही ठेवायच्या.

"कास्टिंगच्या निधीने सगळं सांगितलंय ना, काकू?" नवी दिग्दर्शिका प्रणिता लगबगीत होती.

"हो तर. लुक टेस्ट."

प्रणिता तोवर लाइटवाल्याकडे वळली होती. जाता जाता म्हणाली, "केस तेवढे काळे करून घ्या."

"अगं, गोष्ट वीस वर्षं पुढे जातेय ना? मला वाटलं, आणखी पांढरे करशील."

"छे! माई लोकांना जशी आठवते तशीच हवी."

नीलाताई सुखावल्या. साडीही तीच निघाली, जांभळी, मोठ्या काठांची.

मेकअपरूमच्या दारात विक्रांत भेटला. मालिकेतला त्यांचा धाकटा. त्याच्या कानशिलांवर पांढरा रंग लावला होता. तो वाकून पाया पडला आणि जरा जास्तच वेळ वाकलेला राहिला.

"पहिल्याच सीनमध्ये तुमच्यासमोर रडायचंय, माई."

"अजून ग्लिसरीन लागतं का रे, ठोंब्या?"

तो हसला. "यावेळी नाही लागणार," म्हणाला आणि डब्यातून उचललेला लाडू तसाच हातात धरून निघून गेला.

कॅमेऱ्यासमोर फार काही करायचं नव्हतं. समोर बघा. किंचित हसा. हनुवटी खाली. बस्स.

"संवाद?" नीलाताईंनी विचारलं. आधीच्या रात्री त्यांनी आरशासमोर जुने संवाद म्हणून पाहिले होते.

"संवाद नकोत, काकू. तुमची नजरच बोलते."

"बरं. आणि मी किती भागांत आहे?"

"सगळ्याच! हॉलमधला एकही सीन तुमच्याशिवाय नाही. अगदी मध्यभागी जागा ठेवलीय तुमची."

मेकअपरूममध्ये परतून नीलाताईंनी आधी घरमालकाला फोन लावला. "शर्माजी, मैं कहीं नहीं जा रही. दो साल का बना दीजिए." मग सुखदाला मेसेज केला : खोलीत भाडेकरू ठेव. माझी वाट बघू नकोस.

रंग पुसायच्या आधी, साडीतच, त्या लाडू वाटायला हॉलमध्ये आल्या. झोपाळ्यामागच्या भिंतीवर, बरोब्बर मध्यभागी, कला विभागातला विलास शिडीवर उभा राहून खिळा ठोकत होता. नीलाताईंनी डबा वर धरला. तो त्यांच्या डोक्यावरून पलीकडे ओरडला,

"प्रणिता मॅडम, फोटोला हार फुलांचा की चंदनाचा?"

"चंदनाचा रे," मॉनिटरमागून आवाज आला. "फुलांचा रोज कोण बदलणार?"