पलीकडचे सात पाडे

"नदीपलीकडचे सात पाडे वगळा, म्हणजे मातृआरोग्याचा कार्यक्रम परवडेल," देणगीदार संस्थेचा परदेशी अधिकारी फोनवर म्हणाला. तिथे एका बाळंतपणामागे इतर गावांच्या तिप्पट खर्च येत होता. खर्चाची तपासणी करायला नेमलेल्या वैजयंतीला आकड्यांत चूक सापडली नाही. तरीही ते पाडे पाहायला ती दवाखान्याच्या होडीत परिचारिका मोगीबाईंसोबत बसली.

"होडी नव्हती तेव्हा काय करायचात?" तिने विचारलं.

"बाईला झोळीत घालून डोंगरातून न्यायचो, ताई. वर्षाला तीन-चार जणी वाटेतच जायच्या. होडी आली, तेव्हापासून एकही नाही गेली."

परतल्यावर वैजयंतीने हिशेब नव्याने मांडला. आधी तिने बाळंतपणं मोजली होती. आता वाचलेले जीव मोजले. तेच सात पाडे सगळ्यांत स्वस्त ठरले.

"हे आमच्या पद्धतीत बसत नाही. अहवालातलं ते पान काढा," अधिकारी म्हणाला.

"मग माझी सहीही काढा."

महिना गेला. मग संस्थेचं पत्र आलं. होडी आणखी तीन वर्षं चालणार होती. पुढची तपासणी मात्र दुसऱ्या कुणाकडे गेली होती.

वैजयंतीने लगेच मोगीबाईंना फोन लावला. लागला नाही. नदीपलीकडे रेंज नसते.