मुळासकट

फुटकी घागर, अर्धी मातीनं भरलेली.

तमिळ वर्तमानपत्रांची रद्दी. दोन लाकडी फळ्या, आवळायला चामड्याचे पट्टे.

केरसुणी.

तमिळ मुलखातल्या मेलकावेरीत, एका मराठी घराच्या परसात, १९९१ च्या उन्हाळ्यात, सकाळी उमललेलं एक फूल.

शेजारची अलमेलू भिंतीवरून डोकावली. "अगे वेदा, तुझ्या गवतानें लाज राखली की! मी म्हणत होतें, त्यापरीस गाय बांध, दूध तरी देईल."

वेदवती मोठ्यानं हसली. तिला असं हसताना अलमेलूनं कधी पाहिलं नव्हतं. अलमेलूही मग फूल बघत राहिली. फिकट पिवळं. गळ्याशी जांभळा डाग.

वेदवतीचे थोरले भाऊ बालकृष्ण वनस्पतिशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. आयरिसच्या कुळातली रानफुलं ओळखायची आणि जपून ठेवायची, हा त्यांचा ध्यास. स्वतः कधी डोंगर चढले नाहीत. लांबलांबचे लोक टपालानं वाळलेली रोपं पाठवत. ते भिंगातून पाहून नाव लावत, कागदावर चिकटवून कपाटात ठेवत. पाकिटांतून सांडलेला पाचोळा त्यांची बिनलग्नाची बहीण झाडून काढी. एकदा केरात बिया दिसल्या. तिनं त्या घागरीत टाकल्या. एकच रुजली. उन्हाळ्यात ती घागरीला ओलं पोतं गुंडाळी. पावसात कंद कुजू नये म्हणून घागर उचलून आत आणी. त्या घरात तिचं म्हणावं असं एवढंच होतं.

बी कोणत्या पाकिटातलं, हे तिला ठाऊक नव्हतं. म्हणून तिनं हाक मारली.

"अण्णा, ह्याचें नांव काय?"

बालकृष्ण घागरीपाशी उकिडवे बसले. भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं.

"तूं वाढवलेंस हें?"

"हो." तिचे कान तापले. "एक दिवसाचेंच ना फूल?"

"सांजेला मिटेल."

"मिटूं दे मग. बी धरलें तर पुढल्या वर्षीं आणखी लावीन."

ते आत गेले आणि खुरपं घेऊन आले.

"फुलाला खुरपें कशाला, अण्णा?"

"नुसत्या फुलानें ठरत नाहीं. दोन जाती अगदी सारख्या असतात. कंदाचें साल पाहिल्याविना नांव कसें सांगूं?"

वेदवतीनं घागरीवर दोन्ही हात ठेवले. "मग नांव नको."

"आतां विचारलेंस ना?"

तिचे हात त्यांनी बाजूला केले. अगदी हळू, मुळं तुटू नयेत तितक्या जपून. रोप अख्खं निघालं. अलमेलू भिंतीआड झाली.

रोप दाबून वाळवायला ओसरीवर त्यांनी फळीवर वर्तमानपत्र पसरलं. "पाकळ्या तूं लाव. तुझीं बोटें बारीक आहेत." वेदवती बसली. ओल्या कुंचल्यानं तिनं एकेक पाकळी कागदावर सपाट केली, मधे पातळ कागद घातला. पाकळ्या अजून थंड होत्या. दुमडलेली एक तिनं पुन्हा उलगडली. शेजारी बालकृष्ण धुतलेल्या कंदाचं साल सुईनं पदर पदर सोलत होते.

"हात्तिच्या!" त्यांनी भिंग खाली ठेवलं. "हें होय! हें आहे आपल्याकडे. चांगले चार कागद आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे नको. टाक रद्दीत."

ते उठले. स्नानाचं पाणी तापलंय का, असं विचारत आत गेले. नाव सांगायचं राहूनच गेलं.

१९७८ साली तिरुप्पनंदाळहून मुलगी बघायला आलेल्या मंडळींना वेदवती पसंत पडली होती. त्यांना बसपर्यंत पोचवायला बालकृष्ण गेले आणि मुलीला फीट येते, असं त्यांनी वाटेत सांगितलं. तिला कधीच फीट आलेली नव्हती.